डावखुरा कुंभार

लिलावाचा कॅटलॉग पोस्टानं आला तेव्हा मी शेंगा मोडत बसले होते. पाकीट जाड, दाराच्या फटीतून आत जाईना, म्हणून पोस्टमननं ते निम्मं आत, निम्मं बाहेर असंच सोडून दिलं होतं. ओढून काढलं, ओल्या हातांनी फाडलं, आणि मुखपृष्ठावर माझा अंगठा होता. म्हणजे अंगठ्याचा ठसा. चांगला बशीएवढा मोठा करून छापलेला. फोटो काढताना एका बाजूनं उजेड टाकला असावा, कारण मातीतला तो खळगा होता त्यापेक्षा खोल दिसत होता. वर लिहिलं होतं, ‘एका जाणकाराची नजर’. त्याखाली ह्यांचं नाव, आणि त्याच्याही खाली, ‘डावखुऱ्या कुंभाराच्या सुप्रसिद्ध वाडग्यासह’. मी कॅटलॉग पालथा घातला आणि उरलेल्या शेंगा मोडल्या. मग हात पुसून तो पुन्हा सुलटा केला. अंगठा होता तिथेच होता.

गोष्ट तशी साधी आहे. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या घरात एकसारखे दोन वाडगे होते. एक तीन हजार वर्षांचा, ह्यांच्या मामांनी रीतसर कागदपत्रांसह घेतलेला आणि त्यांच्या माघारी ह्यांच्याकडे आलेला. दुसरा मी केलेला. कॅटलॉगवर दुसरा छापला होता. पहिला माझ्यापासून सहा पावलांवर, दाराशी, चपलांच्या कपाटावर होता आणि त्यात घरातल्या किल्ल्या होत्या. लिलाव येत्या गुरुवारी. मी गप्प राहिले तर माझा वाडगा तीन हजार वर्षांचा म्हणून कुठल्यातरी संग्रहालयात जाऊन कायमचा बसणार आणि खरा किल्ल्यांखाली राहणार. बोलले, तर ज्याच्या नजरेच्या नावानं हा सगळा घाट घातला होता त्या माणसाला तीस वर्षं बायकोच्या हातचं भांडं ओळखता आलं नाही, हे चारचौघांत होणार. आणि तो माणूस आता स्वतःची बाजू मांडायला नव्हता. गेल्या हिवाळ्यात हे गेले.

नोकरी विमा कंपनीत, पण जीव मातीत, असा ह्यांचा संसार होता. लग्न झालं तेव्हा मामांची बारा भांडी होती. गेले तेव्हा तीनशे अठरा. सुट्टीच्या दिवशी लोक बाजारात जातात तसे हे लिलावांना जात, आणि परत आले की चेहऱ्यावरूनच मला कळे की आज काही हाती लागलं की नुसतेच उन्हात बसून आलेत. प्रत्येक भांड्याची नोंदवहीत नोंद. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नंबर. हा नंबर घालायची एक ठरलेली रीत असते. आधी लाखेचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की त्यावर नखाएवढा पांढरा पट्टा, त्यावर शाईनं अगदी बारीक अक्षरात आकडा, आणि वर पुन्हा लाख. म्हणजे भांड्याला काही होत नाही, आणि हवं तेव्हा पुसूनही टाकता येतं. हे काम माझ्याकडे होतं, कारण ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नसे. मी डावरी. शाळेत बाईंनी डाव्या हातावर पट्ट्या मारमारून पाहिलं, हात ऐकला नाही. आमच्या जेवणाच्या टेबलाशी जागासुद्धा त्यावरून ठरल्या होत्या. माझं कोपर ह्यांना लागे म्हणून मी नेहमी डाव्या टोकाला बसायची. चव्वेचाळीस वर्षं तिथेच बसले. अजूनही, एकटी असले तरी, तिथेच बसते.

वाडगा करायचं सुचवलं ते ह्यांनीच. तेव्हा मी शनिवारी दुपारी मातीकामाच्या वर्गाला जात असे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मामांचा तो वाडगा हातात घ्यायला मागे, आणि तो हातात असेपर्यंत ह्यांच्या तोंडचं पाणी पळे. ‘अगं, तू एक हुबेहूब करून बघ ना. लोकांना हाताळायला होईल.’ मी केला. म्हणजे सात केले. पहिला बसकाच झाला. दुसरा भट्टीत फुटला. तिसऱ्याचा काठ जाड. मापं घ्यायची, माती सुकताना आणि भाजताना किती आटते त्याचा हिशेब करायचा, तेवढा तो आधीच मोठा करायचा. वर्गाच्या बाई म्हणायच्या, तुम्ही त्या भांड्याच्या मागे लागला आहात की नवऱ्याच्या? सगळ्याजणी हसायच्या, मीही हसायची. सातवा झाला. खऱ्याच्या तळाशी वय ठरवायच्या चाचणीसाठी माती काढल्याचं बारीकसं भोक होतं, ते पण पाडलं. काठाखाली मूळच्या कुंभाराचा अंगठा ओल्या मातीत दबला होता, तिथे मी माझा दाबला. तो उजवीकडे झुकला होता, माझा डावीकडे झुकला. बाकी फरक नाही. वर्षभर बागेत पुरून ठेवला, काढला, धुतला आणि एका संध्याकाळी खऱ्याच्या शेजारी ठेवला. हे कामावरून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘बरा झालाय की.’ मग विचारलं, विजेच्या माणसाचा फोन आला होता का. दोन वर्षांच्या शनिवारांना तीन शब्द. मी तेव्हा मोजले होते, म्हणजे मला लागलं असणार.

त्यानंतर पंधरवड्यानं नंबर घालायची दुपार आली; मामांची भांडी तोवर बिननंबरचीच राहिली होती. हे नोंदवहीतून वाचत होते, मी लिहीत होते. २१४, मामांचा वाडगा. २१४ अ, प्रत. दोन्ही माझ्यासमोर टेबलावर पालथे. मधेच फोन वाजला, हे उठून आत गेले, बराच वेळ बोलत बसले. मी दोन्ही पट्टे मारले, दोन्ही आकडे लिहिले. तीन दिवसांनी धूळ पुसताना पाहिलं तर २१४ माझ्या वाडग्याखाली होता आणि अ खऱ्याखाली. हातून चूक झाली. संध्याकाळी चहाच्या वेळी सांगू म्हटलं. पण त्या संध्याकाळी ह्यांचे एक जाणते स्नेही आले होते. ह्यांनी काचेच्या कपाटातून २१४ काढला, दिव्याखाली धरला आणि एकदम म्हणाले, ‘अरे, इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही? हा ठसा बघ. डावीकडे कलतोय. हा कुंभार डावखुरा होता!’ अर्धा तास त्या ठशावर बोलले. मी चहा घेऊन उभी. म्हटलं, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले, तर हे इतके आनंदात की रात्रीचं जेवणसुद्धा लक्षात नव्हतं. म्हटलं, उद्या स्वतःच ओळखतील. मग तो उद्या लांबत गेला. पुढे त्यावर लेख झाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका अनाम डावखुऱ्या माणसाविषयी इतकं सुंदर ह्यांनी कुणाबद्दलच लिहिलं नव्हतं. त्याच्या बोटांतला धीर, काठ वळवतानाचा त्याचा संयम, घाई नसलेला हात. लेखाची सुवाच्य प्रत मीच केली, डाव्या हातानं. हे शेजारी बसून सांगत होते आणि मी लिहीत होते. एकदाही ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं नाही.

लेख गाजला. त्या मंडळींत ‘डावखुरा कुंभार’ हा जणू एक माणूसच होऊन बसला. त्याच्यावर परदेशातून पत्रं यायची. मला गंमतही वाटायची, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघरात उभी राहून मी बाहेर माझीच तारीफ ऐकायची आणि भाजी करपवायची. आणि दुसरीकडे खरा वाडगा, अ लागला म्हणून, सगळ्यांचा झाला. पाहुण्यांनी हाताळला, मुलानं त्यात गोट्या ठेवल्या, पेन्सिलीची सालपटं ठेवली, शेवटी तो दाराशी किल्ल्यांसाठी गेला. काठाला एक टवका उडालाय तो मुलाच्या सायकलच्या किल्लीनं. तीन हजार वर्षांत काही झालं नव्हतं, आमच्या घरात झालं. संध्याकाळी हे आले की किल्ल्या त्यात पडल्याचा आवाज व्हायचा आणि मला कळायचं, आले. राग मात्र होता. तो कशाचा, हे मला बरीच वर्षं नीट सांगता आलं नसतं. चांगला माणूस. कधी आवाज चढवला नाही, आजारपणात उशाशी बसले, पगार माझ्या हातात दिला. शेवटच्या महिन्यात ह्यांना कॉटवरून उठवत नव्हतं तेव्हा म्हणाले, वाडगा आण. मी काचेच्या कपाटातला आणला. तो पोटावर ठेवून अंगठा त्या खळग्यात घालून पडून राहायचे. एकदा म्हणाले, ‘याला भेटायला मला फार आवडलं असतं गं. काय माणूस असेल.’ मी कॉटशेजारच्या स्टुलावर बसले होते. म्हटलं, ‘असेल आपल्यासारखाच कुणीतरी.’ ‘छे,’ असं म्हणाले आणि डोळे मिटले. त्या क्षणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं. ऐकून हसले असते की तोंड फिरवलं असतं, हे मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायची माझी छाती झाली नाही.

संग्रह विकायचा हे ह्यांनीच लिहून ठेवलं होतं. बघणाऱ्यांच्या हाती जाऊ दे, असं. मग लिलावगृहातला तो गृहस्थ आला. चाळिशीचा, मऊ बोलणारा, पांढरे हातमोजे घालून आठ दिवस आमच्या बैठकीत भांडी मोजत होता. मी त्याला मनात हातमोजेच म्हणायची. २१४ त्यानं दोन्ही हातांनी उचलला, कागद पाहिले, मामांच्या वेळच्या चाचणीचा दाखला पाहिला, तळाचं भोक पाहिलं, माझा आकडा पाहिला. सगळं जुळत होतं. भांड्याकडे त्यानं सर्वांत शेवटी पाहिलं. ही मंडळी आधी कागद बघतात हे मी पूर्वीपासून पाहत आलेय. जाताना दाराशी तो थांबला, हातमोजे काढून खिशात घातले, किल्ल्या मुठीत काढून खरा वाडगा उचलला, बुडाचा अ पाहिला आणि म्हणाला, ‘ही ती प्रत ना काकू? छान जमलीय हं. राहू द्या, आठवण म्हणून घरात.’ आणि किल्ल्या खळकन पुन्हा आत टाकल्या. तो गेल्यावर मात्र मी तो वाडगा धुऊन पुसून ठेवला, आणि किल्ल्या पुन्हा त्यातच ठेवल्या, कारण दुसरीकडे कुठे ठेवायच्या ते सुचेना.

शनिवारी मुलगा आला. कॅटलॉग त्याच्याकडेही गेला होता. ‘एका जाणकाराची नजर’ हे शीर्षक त्यानंच सुचवलं होतं आणि ते मला आवडलं का, हे त्याला विचारायचं होतं. मी त्याला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. आधी तो हसला. मग उठून किल्ल्यांचा वाडगा घेऊन आला, कॅटलॉगच्या शेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्ही ठशांकडे पाहत राहिला. किल्ल्या त्यानं एकेक करून टेबलावर काढून ठेवल्या होत्या. इतक्या हलक्या हातानं त्याला काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

‘आई, यात मी गोट्या ठेवायचो.’

‘हो.’

‘तुला माहीत होतं, आणि तू ठेवू दिल्यास?’

‘तू रडायला लागायचास काढून घेतल्या की.’

‘बाबांना कधीच सांगितलं नाहीस?’

‘नाही.’

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बापासारखाच, एक हात कमरेवर. ‘आता सांगून काय होणार आहे? बाबा लोकांच्या हसण्याचा विषय होतील. तो लेख, ती सगळी पत्रं, सगळं पाण्यात. ज्या माणसानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, त्याचं एवढंच तर आहे. तू गप्प राहिलीस तर कुणाला कळणार आहे?’

‘मला.’

‘तुला तीस वर्षं कळत होतंच की.’ मग वळून, थोडं खालच्या आवाजात, ‘तू सूड उगवतेयस का बाबांवर?’

या प्रश्नाचा मला राग यायला हवा होता. तो आला नाही. टेबलावर किल्ल्या पसरल्या होत्या, त्यांतली एक माळ्याची, ते कुलूप कधीच मोडलं होतं. मी म्हटलं, ‘कुणीतरी ते भांडं घेणार. रोज बघणार. त्याला वाटणार, तीन हजार वर्षं. त्याला काय म्हणून फसवायचं? त्यानं माझं काय केलंय?’ हे खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला त्याच्यासमोर बोलता येईना. तो माझा मुलगा होता, पण त्याहून जास्त त्यांचा होता. जाताना म्हणाला, ‘तुला काय करायचं ते कर. मी सोडतो मंगळवारी तुला लिलावगृहाशी. आत येणार नाही.’

मंगळवार पाहणीचा दिवस. लिलावाआधी दोन दिवस वस्तू मांडून ठेवतात, लोक येऊन पाहून जातात. मोठा दिवाणखाना, जमिनीवर करडी सतरंजी, काचेच्या पेट्या, आणि देवळात बोलावं तसं सगळे हळू बोलत होते. आमच्या बैठकीतली भांडी तिथे मला ओळखूच येईनात. प्रत्येकाला स्वतःचा दिवा, स्वतःची पाटी. घरी ती एकमेकांना चिकटून असायची, इथे चांगली ऐसपैस बसली होती आणि जरा परकी झाली होती. मधल्या पेटीत माझा वाडगा. त्याच्यासमोर एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची बायको उभी होती. गृहस्थ तिला तो ठसा दाखवत होते. ‘डावखुरा,’ ते म्हणाले. ती हो हो म्हणत पर्समध्ये चष्मा शोधत होती. मी थोडा वेळ त्यांच्या मागे उभी राहिले. मला वाटलं होतं, लाज वाटेल. तसं काही झालं नाही. उलट छान वाटत होतं. माझ्या भांड्यापुढे माणसं उभी होती आणि ते त्या दिव्याखाली शोभत होतं. मनात आलं, जाऊ दे, राहू दे इथेच. मग हातमोजे आला आणि अदबीनं म्हणाला, ‘काकू, तुम्ही कशाला दगदग केलीत?’

त्याच्या खोलीत मी पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून खरा वाडगा काढला आणि सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर तीच मऊ माया होती. शेवटी म्हणाला, ‘काकू, माणूस गेलं की असं होतं. वस्तू सोडवत नाही. मागच्या वर्षी एका बाईंनी नवऱ्याची सगळी नाणी खोटी आहेत म्हणून सांगितलं होतं. लिलाव थांबावा म्हणून.’ मी म्हटलं, तो वाडगा आणा इकडे. त्यानं आणला. मी अंगठा खळग्यात घातला. तो बसेना. माती आटली होती, माझा सांधा सुजला होता, आणि एकतीस वर्षं गेली होती. अंगठा काठावरच अडकला. त्यानं पाण्याचा पेला माझ्यापुढे केला, आणि त्या पेल्यानं मला जे झालं ते त्याच्या बोलण्यानं झालं नव्हतं. मला संताप आला. चव्वेचाळीस वर्षांचा एकदम. ‘पट्टा काढा,’ मी म्हटलं. ‘कुठला?’ ‘नंबराचा. लाख पुसा. आमच्या वर्गात प्रत्येकीला एक खूण दिली होती, भाजण्याआधी बुडाला कोरायची. माझी आडवी रेघ आणि तिच्यावर दोन उभ्या. ती त्या पट्ट्याखाली आहे.’

त्यानं कापसाचा बोळा आणि बाटली मागवली. औषधाचा उग्र वास आला. माझं अक्षर आधी निळसर झालं, मग पसरलं, मग २१४ गेला आणि मागोमाग पांढरा रंग. खाली मातीत आडवी रेघ होती. तिच्यावर दोन उभ्या. हातमोजेनं भिंग लावून पाहिलं, बोटानं चाचपलं, पुन्हा पाहिलं. रेघांच्या कडा ओल्या मातीत कोरल्यासारख्या गोलसर होत्या, म्हणजे मागून कुणी खरवडलेल्या नव्हत्या, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. तो खुर्चीत टेकला आणि त्यानं हातमोजे काढले. मग म्हणाला, ‘पण काकू, खूण असलेलं भांडं तुमच्या समोर पालथं होतं ना? पट्टा नेमका खुणेवर कसा बसला?’

एकतीस वर्षं मी म्हणत आले की हातून चूक झाली. त्या दुपारचं सगळं आठवत होतं, फोन, आतला बोलण्याचा आवाज, लाखेचा वास. पण खूण आठवत नव्हती. स्वतःच्या हातानं कोरलेली खूण समोर असताना, तिच्यावरून ब्रश फिरवताना मी ती पाहिली नाही, असं कसं होईल? बुडाला दुसरीकडे भरपूर जागा होती. बाकी तीनशे सतरा भांड्यांचे पट्टे मी कडेला मारलेत, हाच एक मधोमध आहे. म्हणजे मी पाहिली होती. मी जाणूनबुजून झाकली आणि वर आकडा लिहिला, आणि मग तीन दिवसांनी स्वतःलाच चुकून सापडल्यासारखं केलं. मला बघायचं होतं. नुसतं एवढंच, की ह्यांना ओळखू येतं का. एका संध्याकाळचीच गोष्ट होती. ह्यांनी ओळखलं असतं तर आम्ही हसलो असतो. ह्यांनी ओळखलं नाही, आणि वर माझ्या अंगठ्यावर भाळले, आणि मी ते सोडायला तयार नव्हते. ज्या प्रेमानं ह्यांनी त्या कुंभाराविषयी लिहिलं ते प्रेम मला चोरून का होईना, हवं होतं. पलीकडे मुलगा गाडीत बसला होता. सूड नव्हता तो. पण त्याला मी दिलं तेही उत्तर नव्हतं.

‘मी मुद्दाम बसवला,’ मी हातमोजेला म्हटलं. आवाज साधाच निघाला. त्यानं मान हलवली आणि कागद पुढे ओढला. कॅटलॉग छापून झाल्यावर चूक सापडली की ही मंडळी दुरुस्तीची चिठ्ठी काढतात, ती दारात लावतात आणि लिलावाच्या सुरुवातीला मोठ्यानं वाचून दाखवतात. त्यानं लिहिलं, वाचलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खरा वाडगा २१४ म्हणून विकायचा, त्याचा टवका नोंदवायचा. ‘आणि दुसरा, नोंदणीतल्या अनवधानामुळे—’

‘अनवधान लिहू नका.’

‘मग? साहेबांचं नाव आहे काकू. मला पण वाईट दिसायला नकोय.’

‘लिहा, प्रत इतकी चांगली होती की फसायला झालं. ते खरंच आहे. ह्यांची नजर चांगली होती. वाडगा चांगला असल्याशिवाय ह्यांनी त्यावर तीस वर्षं काढली नसती.’ हे बोलताना मला पहिल्यांदा रडू आलं. बोलून होईपर्यंत मला ते कळलंही नव्हतं.

त्यानं ते लिहिलं. ‘करणाऱ्याचं नाव? अज्ञात म्हणू की संग्राहकाची पत्नी?’ मी माझं नाव सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं आणि माझा वाडगा टॉवेलात गुंडाळायला घेतला. ‘हा तुम्ही न्या आता घरी.’ मी म्हटलं, ‘नाही. विकायला ठेवा. सगळ्यांत शेवटी ठेवा, पण ठेवा.’

गुरुवारी मुलगा आत आला. माझ्या शेजारी, माझ्या उजव्या हाताला बसला. चिठ्ठी वाचली गेली तेव्हा दिवाणखान्यात कुजबुज झाली, दोघे-तिघे हसले, परवाचे ते गृहस्थ खाली बघून कॅटलॉगची पानं चाळायला लागले. मुलाचे कान लाल झाले होते. नंतर काम सुरू झालं आणि ते इतक्या झपाझप चाललं की लोकांना हसायला सवड राहिली नाही. एकेक भांडं येत होतं, बोलीच्या पाट्या वर होत होत्या, हातोडा पडत होता. ह्यांच्या सुट्टीचा एकेक दिवस विकला जावा तसं मला झालं. खरा वाडगा एका संग्रहालयाच्या बाईंनी घेतला, टवक्यासकट. चढाओढ बरीच झाली. मुलानं तेव्हा माझा हात धरला, आणि बाईंनी पाटी खाली ठेवल्यावर सोडला.

शेवटी माझा आला तेव्हा निम्मं दालन रिकामं झालं होतं. लोक कोट घालत होते. लिलाव पुकारणाऱ्यानं माझं नाव वाचलं, अडखळत वाचलं, आणि अगदी कमी आकड्यापासून सुरुवात केली. कुणी बोललं नाही. त्यानं आकडा आणखी खाली आणला. एका माणसानं जांभई दिली. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं आणि शेजारी मुलानं पाटी वर केली. मी त्याचं मनगट धरून खाली ओढलं. ‘काय करतेस आई?’ ‘खाली कर. घरचं गिऱ्हाईक नको मला.’ ‘अगं पण तो परत पाठवतील.’ ‘पाठवू देत.’ पुकारणारा आमच्याकडे बघत थांबला होता. मी मान हलवली. त्यानं हातोडा उचलला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ‘मी’ असं म्हणालं. हातोडा पडला.

बाहेर पडताना दाराशी ती भेटली. तिशीतली, खांद्याला झोळी, एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाडगा. तिला मला काही सांगायचं नव्हतं, नुसतं विचारायचं होतं. ‘तुम्हीच केलाय ना? यात पाणी राहतं का हो? की पाझरतं?’

मी आठवून पाहिलं. बागेतून काढल्यावर धुतला होता तेवढाच. मग वर्षानुवर्षं काचेआड.

‘माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘कुणी ओतून बघितलंच नाही. तुम्ही बघा, आणि मला कळवा.’